बिनसाखरेचा

"ही कोण म्हणायची?" आत्याबाईंनी लेबल हातभर लांब धरून विचारलं.

"कोण म्हणजे? तूच की, आई," रणजितभाऊजी म्हणाले.

लेबलावर एक आजी होती. पांढराशुभ्र अंबाडा, गोल चष्मा, नाकात भरगच्च नथ आणि हातात ताक घुसळायची रवी. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा पन्नाशीच्या. केस काळे, चष्मा नाही, नथ लग्नातल्या फोटोपुरती. आणि लाडू वळायला रवी कशाला लागते हे त्या चित्रकारालाच ठाऊक. आमच्यासोबत लाडू वळणाऱ्या शेवंताकाकूंनी मान वाकडी करून बराच वेळ बघितलं आणि आत्याबाईंना निकाल दिला, "मालन, ही तुझी सासू गं. मेल्यावर बरी गोरी झाली."

ओसरीवर हशा पिकला. भाऊजी मात्र हसले नाहीत. ते पुण्यात एका कंपनीत होते. दंड फुगवायची पावडर डब्यात भरून विकायची कंपनी. लेबल म्हणजे काय चीज असते हे आम्हां खेड्यातल्या बायकांना कळत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

आमचं गाव आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. इथं नाचणी चांगली होते. मामंजी गेल्यावर आत्याबाईंनी गावातल्या बायका गोळा करून बचत गट काढला आणि नाचणीचे लाडू करायला घेतले. मला त्या घरात येऊन तीनेक वर्षं झाली होती. पिशव्या भरून तोंडं चिकटवायचं काम माझ्याकडे. लाडू आजूबाजूच्या बाजारांत आणि एस.टी. स्टँडांवरच्या दुकानांत जायचे, फार गाजावाजा नव्हता. आता भाऊजींनी पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराशी बोलणं लावलं होतं. त्याची कितीतरी दुकानं होती. तो माल उचलायला लागला असता, तर गटातल्या बायकांना उन्हाळ्यात दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला जावं लागलं नसतं. म्हणून हे नवं लेबल.

आजीच्या चित्राखाली सगळ्यांत मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बिनसाखरेचे!' त्याखाली, 'नाचणीची नैसर्गिक गोडी. गोड खा, बिनघोर खा.' मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत नाचणी, गूळ, तूप, वेलदोडे वगैरे.

"हे बेस लिवलंस," आत्याबाई त्या हिरव्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या. "बिनसाखरेचे. माझ्या लाडवात साखरेचा कण दाखव म्हणावं कुणीबी."

"तुझाच शब्द आहे, आई. मागच्या खेपेला मी विचारलं, तुझ्या लाडवात विशेष काय, तर तू हेच म्हणालीस. मी तिथंच ठरवलं, हाच शब्द विकायचा."

आत्याबाईंचं माहेर गुऱ्हाळाचं. उसाच्या रसाच्या वाफेतच त्या वाढल्या. साखर म्हणजे त्यांच्या लेखी कारखान्यातली भुकटी, आणि गूळ म्हणजे औषध. कुणाला खोकला झाला, दे गूळ. बाळंतीण घरी आली, दे गूळ. त्यामुळे तो शब्द एवढा मोठा छापलेला बघून त्यांना गहिवरून आलं, आणि ते गहिवरणं खरं होतं.

जुनी लेबलं संपली, नवी लागली. आणि काय सांगावं, लाडू खपायला लागले. गडहिंग्लज, निपाणी, कोल्हापूर, अगदी माझ्या माहेरी मिरजेच्या स्टँडवरसुद्धा आजीबाई रवी घेऊन उभ्या राहिल्या. पुण्याचा दुकानदार म्हणाला, हेच लेबल ठेवा, दिवाळीपासून माल पाठवा.

आता माहेरचं सांगते. आमचे अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. जन्म छापील तिकिटं फाडण्यात गेला, त्यामुळे छापलेल्या अक्षरावर त्यांचा देवावर नसेल एवढा विश्वास. आणि दुसरी श्रद्धा गोडावर. पंगतीत जिलबीचं ताट आलं की अण्णा बोलणं अर्धवट सोडायचे. निवृत्तीच्या आसपास त्यांना मधुमेह निघाला आणि घरातली सत्ता आईच्या हाती गेली. सणाच्या दिवशीसुद्धा ती त्यांच्या ताटात पुरणाची नाही, साधी पोळी वाढायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा अण्णा आणि आई घर बघायला आत्याबाईंकडे आले होते. आत्याबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "पावणं, च्या साखरेचा का बिनसाखरेचा?" आईनं कोपर मारायच्या आत अण्णा म्हणाले, "बिनसाखरेचा." चहा आला. अण्णांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि कप रिकामा करून पुढं केला. "विहीणबाई, अजून अर्धा द्या. काय म्हैस आहे हो तुमची! दुधालाच काय गोडी!" आत्याबाईंना वाटलं, पाहुणा गुणाचा आहे, आल्या आल्या म्हशीचं कौतुक करतो. आईला वाटलं, डोंगरातला चारा, असेल गोड. माझं स्थळ पक्कं झालं त्यात त्या म्हशीचा वाटा मोठा होता, असं अण्णा पुढं लग्नातसुद्धा सांगत होते. लग्नानंतर ते कधी आले तर चहा मीच करायची, माहेरच्यासारखा. ते घोट घेऊन खट्टू व्हायचे. म्हणायचे, "तुझ्या हाताला सासूची सर नाही."

त्या वर्षी गणपतीनंतर आईचा फोन आला. अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली होती. साधी जखम, पण ती भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, साखर भलतीच वर आहे. पंधरवड्यात खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल.

"गोळ्या देते, भात बंद केलाय," आई रडत रडत सांगत होती. "तरी साखर हटत नाही गं. म्हटलं, बाहेर काही खाता का? तर जोतिबाची शपथ घेतली. मी त्यांचे खिसेसुद्धा तपासले, उजू. ह्या वयात नवऱ्याचे खिसे तपासायची वेळ आली माझ्यावर."

फोन ठेवून मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहिलेला माणूस, त्याचा पाय. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि कणकेचे हात धुतले. "चल. मी बी येते."

आमच्याकडे मुलाची आई असं उठून सुनेच्या माहेरी जात नाही. मानानं बोलावलं तर, मानाच्या वेळी. पण आत्याबाईंनी मानपान खुंटीला टांगला. आणि आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून पिशवीत एक लाडवाचा पुडा घातला.

मिरजेला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अण्णा खाटेवर, पाय उशीवर, अंगठ्याला पांढरं फडकं. आम्हाला बघून उठायला लागले.

"बसा, बसा," आत्याबाई म्हणाल्या आणि पुडा त्यांच्या हातात दिला. "गोडधोड चालत न्हाई तुमास्नी, पण आपल्या घरचं हाय."

अण्णांचा चेहरा उजळला. "अहो, हे कशाला आणलंत? हे तर घरात आहेच!" त्यांनी उशाखालून तसाच पुडा काढला, अर्धा संपलेला. "स्टँडवर दिसले, तेव्हापासून रोज घेतो. लेकीच्या घरचा माल! सकाळी दोन, दुपारी दोन. सगळ्या कंडक्टर मंडळींना दाखवतो, म्हणतो, ही माझी विहीण."

"ही तुमची विहीण?" आत्याबाई त्या चष्मेवाल्या आजीकडे बघून म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

"तेवढं एकच बापडे चवीनं खातात," आई म्हणाली. "बिनसाखरेचे आहेत म्हणून मीच म्हटलं, खा. सगळंच कसं तोडायचं माणसाचं?"

माझ्या मनात काहीतरी टोचलं, पण नेमकं काय ते हाती लागेना. अण्णा लाडू फोडत होते. आई दारातूनच विचारत होती, "विहीणबाई, चहा साखरेचा टाकू की बिनसाखरेचा?"

"आमी कुठली साखर खातोय! बिनसाखरेचाच."

चहा आला. आत्याबाईंनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि घोट घेतला. तो घोट त्यांच्या तोंडातच थांबला. पाहुण्याच्या घरी थुंकता येत नाही म्हणून कसाबसा गिळला.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "गूळ संपलाय वाटतं घरातला?"

"गूळ?" आईला कळेना. "गूळ आहे की. पण कशाला?"

"घालायचा ऱ्हायलाय च्यात."

"अहो, बिनसाखरेचा म्हणालात ना तुम्ही?"

"व्हय. बिनसाखरेचाच. गुळाचा."

आई पदराला हात पुसत दारात उभी राहिली. अण्णांचा हात तोंडाजवळ थांबला, त्यात अर्धा लाडू. मला तेव्हा कळलं. आत्याबाईंकडे साखरेचा आणि बिनसाखरेचा म्हणजे साखरेचा आणि गुळाचा. तिसरा चहा त्या गावात कुणी पीतच नव्हतं. आणि मिरजेत, जिथं गल्लोगल्ली दवाखाने आणि घरटी एक गोळ्या खाणारा, तिथं बिनसाखरेचा म्हणजे फिका. तीन वर्षं मी दोन्ही घरांत दोन्ही चहा केले होते. माहेरचा शब्द माहेरी, सासरचा सासरी. दोन्ही एका जागी ठेवून बघायची वेळच आली नव्हती.

आत्याबाई उठल्या. खाटेजवळ गेल्या आणि अण्णांच्या हातातला अर्धा लाडू त्यांनी काढून घेतला, लहान पोराच्या हातातला विळा काढून घ्यावा तसा. विहीण आणि व्याही, हाताला हात लावायची रीत नाही. पण त्या क्षणी रीत कुणाच्या लक्षात होती!

"पावणं, ह्यात गूळ हाय. निम्मा गूळच हाय."

"पण लिहिलंय ना," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "छापलंय. नाचणीची गोडी."

"नाचणीला कुठली गोडी आलीया! नाचणी म्हंजे माती. गोडी सगळी आमच्या गुळाची."

"पण गूळ तर औषधी..." मी उगाच बोलले. आत्याबाईंचंच वाक्य, पण त्यांना नको असलेल्या वेळी.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय," आई खाली बसत म्हणाली. "रक्ताला गूळ आणि साखर वेगळी ओळखू येत नाही. गुळाचा खडा मी डब्यात कुलपात ठेवते हो. आणि हे मी माझ्या हातानं देत होते."

ती रडायला लागली. आत्याबाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. मग अण्णाच बोलले.

"विहीणबाई, म्हणजे आम्ही घर बघायला आलो होतो, तो चहा..."

"गुळाचा."

"आणि म्हैस?"

"म्हैस साधीच हाय हो," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

अण्णा हसले. पाय दुखत होता, अंगठा राहतो की जातो ठाऊक नव्हतं, आणि हा माणूस पोट धरून हसला. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

परतीच्या गाडीत लाडवाचा पुडा आत्याबाईंच्या मांडीवर होता. मधूनमधून त्या हिरव्या अक्षरांवरून अंगठा फिरवायच्या, पुसून जातात का बघितल्यासारखा. घरी पोचल्यावर पदर खोचून त्यांनी भाऊजींना फोन लावायला सांगितला आणि मला म्हणाल्या, मोठ्यानं लाव, मला लपवाछपवी नको.

"रणजित, तुला ठावं होतं? साखरेची माणसं हे खातील म्हणून?"

भाऊजी म्हणाले, "आई, बाजारच तो आहे. निम्मं पुणं शुगरच्या गोळ्या खातंय. आणि मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. साखर नाही, तर नाही म्हटलंय. गूळ मागं छापलाय. ज्यानं त्यानं वाचावं."

"मागं मुंगीएवढं आन् म्होरं म्हशीएवढं. ह्याला तू खरं म्हणतोस?"

"शब्द तुझाच आहे."

"माझा हाय, म्हणूनच परत घेतलाय."

"ऑर्डर जाईल, आई. तो माणूस त्या एका शब्दावर माल घेतोय."

"मग जाऊ दे. व्याह्याचा अंगठा घालवून मला दुकान न्हाई चालवायचं."

भाऊजींना अण्णांच्या पायाचं काहीच माहीत नव्हतं. "कुणाचा अंगठा?" असं ते विचारत राहिले, आणि आत्याबाईंनी मला फोन बंद करायची खूण केली. त्यानंतर भाऊजी सहा महिने घरी आले नाहीत.

पण खरी लढाई दुसऱ्या दिवशी ओसरीवर झाली. गटाच्या बायका जमल्या. दिवाळीपासून काम मिळणार म्हणून कुणी मनातल्या मनात पोराच्या वह्या घेतल्या होत्या, कुणी पत्रे बदलले होते. आत्याबाईंनी काही सांगायच्या आतच शेवंताकाकूंनी तोंड सोडलं. त्यांना आधीच कुणकुण लागली होती.

"आम्ही काय इख घातलंय त्यात? बिनसाखरेचा हाय, तर बिनसाखरेचा म्हणायचं न्हाई? आता खरंबी बोलायची चोरी!"

"आधी च्या घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "साखरेचा का बिनसाखरेचा?"

"हे काय इचारणं झालं? बिनसाखरेचा," सगळ्या म्हणाल्या.

मी आत गेले. आत्याबाईंनी सांगितल्याप्रमाणे दूध, पाणी, चहाची पूड आणि बाकी काही नाही. कप बाहेर आले. शेवंताकाकूंनी मोठा घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं की कच्च्या कवठाला चावल्या असाव्यात. "शी! उज्ज्वला, ह्यात काय घातलंयस गं, काढा?"

"काय न्हाई घातलं," आत्याबाई म्हणाल्या. "मिरजेत ह्याला बिनसाखरेचा म्हणत्यात."

मग आत्याबाईंनी अण्णांचं सांगितलं, सकाळी दोन, दुपारी दोन, उशाखालचा पुडा, अंगठा, सगळं. आवाज न चढवता. शेवंताकाकूंचा नवरासुद्धा साखरेच्या गोळ्या खायचा. त्यांनी कप खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्यातबी एक पुडा हाय फडताळात. ते येता जाता तोंडात टाकत्यात. मी घरी जाऊन येते आधी." आणि त्या खरंच चपला घालून निघाल्या.

बाकीच्या बायका तिथंच लेबलं सोलायला बसल्या. नखं दुखली. माझे यजमान दूध संघाचा टेम्पो चालवायचे, त्यांच्यासोबत मी आणि आत्याबाई दुकानोदुकानी फिरलो आणि जेवढे पुडे मिळतील तेवढे परत आणले. नवं लेबल लिहायचं माझ्याकडे आलं. आत्याबाई सांगत होत्या, मी लिहीत होते. 'गुळाचे नाचणी लाडू. गूळ म्हणजे गोडच. साखरेचा आजार असणाऱ्यांनी खाऊ नयेत.' तिन्ही ओळी सारख्याच मोठ्या.

गडहिंग्लजचा दुकानदार ते वाचून खो खो हसला. "काकी, दुकानात ठेवायचं आणि वर लिहायचं, खाऊ नका? असली जाहिरात मी जन्मात बघितली नाही."

"खाऊ नका कुठं म्हटलंय? कुणी खाऊ नये ते म्हटलंय," आत्याबाई म्हणाल्या. "तुला साखर न्हाई न्हवं? मग खा की." आणि त्याच्या हातावर लाडू ठेवला.

पुण्याची ऑर्डर गेली ती गेलीच. त्या उन्हाळ्यात बायका भांगलायला गेल्या, आणि त्यातल्या दोघी आत्याबाईंवर धुसफुसतच गेल्या. हे मी लपवत नाही. पण लाडू बंद पडले नाहीत. लोक लेबल वाचून हसायचे आणि हसत हसत पुडा घ्यायचे. कुणी म्हणायचं, जे एवढं सांगतात ते बाकीचंही खरंच घालत असतील. वर्षभरात खप जुन्या वळणावर आला आणि मग हळूहळू पुढं गेला. त्याआधी, सहा महिन्यांनी होळीला भाऊजी आले, ते नवं लेबल घेऊन. त्यावर त्यांनी आईचा खराखुरा फोटो घातला होता, काळ्या केसांचा, पदर खोचलेला. आत्याबाईंनी बघितला आणि म्हणाल्या, "ही मात्र मीच." त्यानंतर मायलेकांत त्या विषयावर बोलणं झालं नाही. गरजही नव्हती.

आणि अण्णांचा अंगठा. लाडू बंद झाल्यावर साखर उतरायला लागली. डॉक्टरांनी आधी आठवडाभर थांबू म्हटलं, मग अजून थोडं. दिवाळीच्या आंघोळीला आईनं फडकं सोडलं तेव्हा खाली गुलाबी कातडी आली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्या गावच्या जत्रेला आले, नव्या चपला हातात घेऊन, कारण पायात घालायला अजून धीर होत नव्हता. मी उठत होते, पण आत्याबाईंनी मला बसवलं आणि स्वतः चुलीपाशी गेल्या. आतून त्यांचा आवाज आला. आमच्या घरात तो प्रश्न तेव्हापासून असाच विचारला जातो.

"पावणं, च्या गोडाचा का फिका?"

आईनं कोपर उचललं होतं, पण अण्णांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. "फिका."

कप आला. अण्णांनी घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले, तो घोट जिभेवर घोळवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"विहीणबाई, म्हैस विकली काय हो?"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. अण्णांनी तो कप तळापर्यंत संपवला आणि पुढं केला.

"असू द्या. अजून अर्धा द्या."